मेंदूवरचे चुंबक : चमत्कार नव्हे, विज्ञान

आमच्या विहारात रविवारची वंदना झाली की चार माणसे थोडा वेळ बसतात. चहा होतो, घरच्या अडचणी निघतात. अशाच एका रविवारी वस्तीतला एक रिक्षा चालवणारा तरुण आमच्याजवळ आला. जयभीम झाला. मग त्याने खिशातून घडी घातलेला रंगीत कागद काढला आणि म्हणाला, "काका, हे जरा वाचून सांगा ना. आईसाठी हे करावं म्हणतो."

त्याच्या आईला आम्ही सगळेच मावशी म्हणतो. नवरा गेल्यावर शिवणाच्या मशीनवर तिने तीन मुलांची शिक्षणे केली. सात महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय बराचसा सावरला, काठी घेऊन ती चाळीच्या टोकापर्यंत जाते. पण उजवा हात मांडीवर पडून असतो. बोटे थोडी हलतात, कात्री मात्र धरवत नाही.

कागदावर एका खाजगी दवाखान्याची जाहिरात होती. मेंदूवर चुंबक लावायचे, ऑपरेशन नाही, दुखणे नाही, वीस बैठकांत हात पूर्ववत, असा मजकूर होता. पैसे मात्र सगळे आगाऊ भरायचे. रक्कम त्या पोराच्या चार महिन्यांच्या कमाईएवढी. सुनेने दागिने गहाण टाकायची तयारी दाखवली होती. मंगळवारी पैसे भरायचे ठरले होते.

आम्ही त्याला म्हटले, "आठ दिवस थांब. आपण आधी समजून घेऊ." आम्ही काही डॉक्टर नव्हे. परंतु वाचता येते, विचारता येते. मेंदूविकाराच्या डॉक्टरांना भेटलो, सरकारी रुग्णालयात हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना भेटलो, मिळेल ते वाचले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण असे कागद आता गावोगावच्या घरांत पोहोचू लागले आहेत.

मेंदूचा हुकूम कसा पोहोचतो

आपण हात उचलतो तेव्हा हुकूम निघतो तो मेंदूतून. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण कानाच्या वरच्या भागात, मेंदूच्या पृष्ठभागावर एक पट्टा असतो. त्यात शरीराच्या प्रत्येक भागासाठी जागा ठरलेली आहे. बोटांना आणि तोंडाला मोठी जागा, पाठीला छोटी. डाव्या मेंदूची सत्ता उजव्या अंगावर आणि उजव्या मेंदूची डाव्या अंगावर चालते. म्हणून मावशीचा उजवा हात लुळा पडला, तरी बिघाड हातात नाही. बिघाड डाव्या मेंदूत आहे. रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली, की तिथल्या पेशी मरतात आणि हुकूम निघतच नाही.

हा हुकूम म्हणजे एक प्रकारची वीजच असते. अगदी बारीक, पण वीज. 1791 साली इटलीतल्या लुइजी गाल्वानी यांनी बेडकाच्या पायावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाचा पायसुद्धा विजेने आकडतो, हे त्यांनी दाखवले. पुढे 1870 मध्ये जर्मनीतल्या फ्रिच आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला बारीक करंट दिला, तेव्हा दुसऱ्या बाजूचा पाय हलला. म्हणजे मेंदूच्या कोणत्या जागेतून कोणता अवयव हलतो, हे प्रयोगाने कळू लागले. हात हलवणारे कोणी भूत-पिशाच नाही आणि हात पाडणारेही नाही, हे शास्त्राने असे पायरीपायरीने सिद्ध केले.

पुस्तके बांधणाऱ्या पोराची देणगी

पण जिवंत माणसाची कवटी उघडायची कशी? न उघडता आतल्या पेशीपर्यंत वीज न्यायची कशी? याचे उत्तर ज्याच्या शोधात होते, तो माणूस आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे.

मायकल फॅरेडे 1791 साली इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी जन्मला. परमपूज्य बाबासाहेबांच्या जन्माच्या बरोबर शंभर वर्षे आधी. शाळा नावापुरतीच झाली. चौदाव्या वर्षी पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. पुढे हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाचा मदतनीस झाला. त्यांच्याबरोबर युरोपच्या प्रवासाला गेला, तेव्हा डेव्हींच्या पत्नीने त्याला बरोबरीचा मानला नाही. त्याला नोकरांच्या पंगतीत जेवावे लागले. पंगत तोडण्याचे दुःख आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

त्याच फॅरेडेने 1831 साली जगाला दाखवून दिले की, चुंबकाचे बळ झपाट्याने बदलले तर जवळच्या तारेत आपोआप वीज निर्माण होते. आज धरणावर वीज तयार होते ती याच नियमाने. आणि मेंदूवरचे चुंबकही याच नियमावर चालते.

शेफिल्डचे यंत्र

1980 साली इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून थेट विजेचा झटका देऊन हात हलवून दाखवला होता. पण डोक्याच्या कातडीला त्याच्या वेदना फार होत. मग 1985 मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅरेडेचा नियम वापरला. तांब्याच्या तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरायचे आणि त्यातून क्षणभर मोठा करंट सोडायचा. त्याबरोबर चुंबकाचे बळ उठते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात मावळते. चुंबकाला कवटी आडवी येत नाही. ते आत जाते आणि मेंदूच्या पेशीत बारीक वीज निर्माण करते. वेटोळे बरोबर हाताच्या जागेवर धरले, की समोरच्या बाजूचा अंगठा आपसूक उडतो. माणूस जागा असतो, बोलत असतो.

हे बळ एमआरआयच्या यंत्रातल्या चुंबकाएवढे असते, पण क्षणापुरते आणि वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपुरतेच. आवाज टकटक असा मोठा होतो, म्हणून कानात बोळे घालतात.

एक ठोका दिला तर अंगठा उडतो आणि काम संपते. पण ठोक्यांची माळ लावली तर परिणाम काही वेळ टिकतो. साधारणपणे सेकंदाला एक अशा सावकाश ठोक्यांनी त्या जागेतल्या पेशी शांत होतात. सेकंदाला पाच, दहा किंवा जास्त ठोक्यांनी त्या चेततात. हाच उपचाराचा पाया.

दुसरा एक प्रकार आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधतात आणि बॅटरीवरच्या छोट्या यंत्रातून एक-दोन मिलिअँपिअर एवढा हलका करंट सुमारे वीस मिनिटे सोडतात. त्याने अंगठा उडत नाही, पेशी फक्त थोड्या तयार होतात. जर्मनीत निट्शे आणि पाउलुस यांनी 2000 साली या पद्धतीचा परिणाम मोजून दाखवला, तेव्हापासून तिच्यावर पुष्कळ संशोधन झाले आहे.

आपल्याकडे "शॉक" म्हटले की लोक घाबरतात. मनोरुग्णांना भूल देऊन जो शॉक देतात, तो हा नव्हे. तसेच कंपवातासाठी मेंदूत तारा बसवण्याचे जे ऑपरेशन करतात, तेही हे नव्हे. इथे कातडीसुद्धा कापत नाहीत.

फायदा किती? खरे उत्तर

लकव्यानंतर मेंदूच्या दोन बाजूंचा तोल बिघडतो, असे एक मत आहे. दुखावलेली बाजू मंद पडते आणि शाबूत बाजू तिला आणखी दाबते. म्हणून शाबूत बाजूवर सावकाश ठोके देऊन तिला शांत करायचे, म्हणजे दुखावलेल्या बाजूला डोके वर काढता येईल. ऐकायला हे पटते. पण पटते म्हणून खरे मानायचे का?

2020 साली युरोपातल्या तज्ज्ञांनी सगळे प्रयोग एकत्र तपासले. झटका येऊन अजून फार महिने लोटलेले नाहीत, अशा रुग्णांच्या हाताला या सावकाश ठोक्यांचा उपयोग होतो, याला त्यांनी पुराव्याची सर्वांत वरची श्रेणी दिली. जुन्या लकव्याला मात्र ती श्रेणी दिली नाही. कंपवातात दोन्ही बाजूंवर जलद ठोके दिल्यास हालचालीत थोडी सुधारणा संभवते, याला मधली श्रेणी मिळाली.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला. झटका येऊन तीन महिने ते एक वर्ष झालेले 199 रुग्ण घेतले. काहींना खरे चुंबकाचे ठोके दिले, काहींना खोटे. यंत्र तसेच, आवाज तसाच, पण ठोके खरे नव्हते. कोणाला काय मिळते हे रुग्णांना सांगितले नव्हते. हाताचे व्यायाम मात्र दोन्ही गटांकडून सारखेच करून घेतले. सहा महिन्यांनी मोजणी केली. खऱ्या ठोक्यांच्या गटात सुमारे दोनतृतीयांश रुग्णांचा हात चांगला सुधारला होता. आणि खोट्या ठोक्यांच्या गटात? तिथेही सुमारे दोनतृतीयांश!

वाचकहो, हा आकडा पुन्हा वाचा. खोटे यंत्र लावलेलेही तेवढेच सुधारले. मग सुधारणा केली कोणी? दोन्ही गटांत समान होता तो व्यायाम. यंत्राच्या जाहिरातीत हे कोणी छापत नाही.

म्हणजे चुंबक फसवे आहे का? तसे नाही. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या नामांकित सरकारी संस्थेत ते वापरले जाते. उदासीनतेच्या आजारावर अमेरिकेने 2008 मध्येच त्याला परवानगी दिली आहे. पण हातापायांच्या हालचालीसाठी ते व्यायामाच्या जोडीला घ्यायचे साधन आहे, व्यायामाच्या जागी नव्हे. आणि कोणाला, कधी, किती याचा शोध अजून चालू आहे. "वीस बैठकांत हात पूर्ववत" असे लिहून देणारा शास्त्र सांगत नाही, धंदा करतो.

आशेचे औषध आणि अंगाऱ्याची पुडी

कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी मरत जातात. त्या डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. ते कमी पडले की हात थरथरतो, अंग ताठते, चाल मंदावते, अक्षर बारीक होते. हा आजार जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने 1817 मध्ये नीट लिहून ठेवला. लेव्होडोपाच्या गोळ्यांनी ते द्रव्य भरून काढता येते आणि आजही तोच मुख्य उपचार आहे.

2001 साली कॅनडात कंपवाताच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई टोचली. हे औषध असू शकेल एवढेच त्यांना ठाऊक होते. तर त्यांच्या मेंदूत खरोखरीच डोपामीन सुटलेले आढळले! बरे वाटेल या आशेनेच ते द्रव्य पाझरले.

आता आपल्या लक्षात येईल की देवऋषीने अंगारा लावला, कोणी कबुतराच्या रक्ताने मालीश केली, की रुग्ण दोन दिवस "बरं वाटतंय" का म्हणतो. तो खोटे बोलत नाही. पण हा पाझर आशेचा आहे, अंगाऱ्याचा नव्हे, आणि तो टिकत नाही. महागड्या यंत्राच्या बाबतीतही हेच होऊ शकते. जितके पैसे जास्त, जितका दवाखाना चकचकीत, तितकी आशा मोठी. म्हणूनच खऱ्या यंत्राची खोट्या यंत्राशी तुलना केल्याशिवाय शास्त्रज्ञ निकाल देत नाहीत.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. अनुभवाने पारखून हितकारक ठरले तरच स्वीकारा. धम्म एहिपस्सिको आहे, या आणि पाहा असे म्हणणारा आहे. आपण 1956 साली देव-देवऋषी सोडले, ते पांढरा कोट घातलेला नवा देवऋषी डोक्यावर घेण्यासाठी नव्हे. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता, अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी ते हैराण असत. त्यांनी डॉक्टरांचे औषध घेतले, नवस केले नाहीत.

पैसे भरण्याआधी हे विचारा

1) आमच्या रुग्णाचा आजार नेमका कोणता, आणि झटका येऊन इतका काळ लोटल्यावर याचा उपयोग होतो याला पुरावा काय?

2) उपचार मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होणार का? बैठकीच्या वेळी डॉक्टर हजर असतील का?

3) बैठकीबरोबर हाताचा व्यायाम कोण करून घेणार, किती वेळ? व्यायाम नसेल तर उठून यावे.

4) सुरुवातीला हाताची ताकद मोजून कागदावर लिहून देणार का? पाच-सहा बैठकांनी पुन्हा मोजणार का? फरक नसेल तर उरलेले पैसे परत मिळतील का?

5) धोके कोणते? डोकेदुखी होऊ शकते. क्वचित फिट येऊ शकते. म्हणून ज्याला फिट येतात, ज्याच्या डोक्यात धातूची क्लिप आहे, कानात यंत्र रोवलेले आहे किंवा छातीत पेसमेकर आहे, त्याने ते आधी सांगितलेच पाहिजे. गरोदर भगिनींनीही सांगावे.

आणखी एक. करंटचे छोटे यंत्र घरी वापरण्यासाठी विकत मिळते. पोरे बॅटरीच्या तारा लावून तसले यंत्र स्वतःही बनवतात. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय डोक्याला काही लावू नये. त्वचा भाजते आणि हाती काही लागत नाही.

बिनपैशाचे, पण पुराव्याचे

वारे गेले असे वाटताच, म्हणजे तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे बोबडे झाले, की तेल चोळत बसू नये. वेळ पाहून ठेवावी आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात तडक न्यावे. गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. त्या साडेचार तासांची किंमत पुढच्या कोणत्याही चुंबकाला यायची नाही.

झटक्यानंतर, डॉक्टर हो म्हणताच, व्यायाम सुरू करावा. लुळा हात वापरला तरच मेंदू नव्या वाटा शोधतो. 2006 साली अमेरिकेत 222 रुग्णांवर झालेल्या प्रयोगात चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दोन आठवडे दुखऱ्या हातानेच कामे करायला लावली. त्यांचा हात इतरांपेक्षा चांगला सुधारला. बोटे-मनगट थोडे तरी हलत असेल तरच हे जमते, आणि ते व्यायामतज्ज्ञांना विचारूनच करावे.

कंपवाताच्या रुग्णाचे पाय उंबऱ्याशी जमिनीला खिळतात. त्याला ओढू नये. फरशीवर पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात, किंवा "एक-दोन, एक-दोन" असा ताल धरावा. पाऊल सुटते. गोळ्या मात्र वेळेवर द्याव्यात, आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रक्तदाब. लकव्याचे ते सर्वांत मोठे कारण. दुखत नाही म्हणून गोळी सोडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तंबाखू, मिश्री, विडी आणि दारूही सोडली पाहिजे. पाचवे शील पाळणे हे मेंदूचेही रक्षण आहे.

सरकारी रुग्णालयात गेल्यावर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते हे आरोग्यमित्राला विचारावे. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

मावशीचे काय झाले

आठ दिवसांनी त्या पोराला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. पाच प्रश्न कागदावर लिहून नेले होते. तिसऱ्या प्रश्नाला "व्यायाम तुम्ही घरी करा" असे उत्तर आले. चौथ्याला उत्तरच आले नाही, "उद्यापर्यंत भरलेत तर सवलत देऊ" असे सांगण्यात आले. पोराने आमच्याकडे पाहिले, कागदाची घडी घातली आणि आम्ही उठलो.

दागिने कपाटातच राहिले. रिक्षा मात्र आता आठवड्यातून तीन सकाळी धंद्याला उशिरा निघते, कारण आधी ती मावशीला रुग्णालयाच्या व्यायाम विभागात सोडते. घरी नात तिच्यापुढे वाटाणे ओतते आणि ते उजव्या हाताने एकेक उचलून वाटीत टाकायला लावते. मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी सांगितले आहे की, पुढे कधी चुंबकाच्या रीतसर संशोधनात तिला घेता आले तर ते स्वतः कळवतील. तेव्हा आम्ही जरूर पाठवू. विज्ञानाला आमचा विरोध नाही, लुबाडणुकीला आहे.

मावशीचा हात पूर्ववत झाला, असे लिहायला आम्हाला आवडले असते. ते खरे नाही. सुई अजून ओवता येत नाही. पण परवा पौर्णिमेला विहारात आली तेव्हा तिने काठी भिंतीला टेकवली, आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून दोन्ही हात जोडले. मग डावा हात हळूच सोडून पाहिला. उजवा तसाच राहिला, दोन-तीन श्वासांपुरता. ती हसली.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी दागिने मोडण्याआधी एकदा विहारात येऊन बोलावे. कागद वाचून सांगायला आणि बरोबर यायला समाजात माणसे आहेत.

जयभीम!